झरअळूचा दगड

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती घडली तेव्हा डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती.

अशाच एका बिननावाच्या डोंगराच्या माथ्याजवळ एक गाव होतं आणि पायथ्याशी दुसरं. दोन्ही गावं एकाच ओढ्याचं पाणी प्यायची. वरच्या गावापाशी ओढा कातळावरून उड्या टाकत यायचा, थंडगार आणि फेसाळ. खाली येईपर्यंत त्याची रग जिरायची. मग तो रुंद, कोमट होऊन वाळूवरून रेंगाळत जायचा. पाणी तेच, पण वरचं आणि खालचं चाखून पाहिलं तर दोन सख्ख्या भावांच्या स्वभावाइतका फरक लागायचा.

वर, धबधब्याखालच्या ओल्या कातळाला चिकटून, झरअळू नावाचं एक झाड वाढायचं. अळूच्याच कुळातलं, पण अंगानं अगदी किरकोळ. बोटभर पान, वरून काळपट हिरवं, खालून जांभळट. त्याची करंगळीएवढी कांडी दगडाला धरून असायची आणि मुळं दगडाच्या बारीक भेगांतून शिरायची. कधीमधी फूल यायचं. एकच पाकळी दांड्याभोवती गुंडाळलेली, थंडीत कुणी शाल ओढून बसावं तशी. या अळूचं ना फदफदं व्हायचं ना वड्या. खाल्लं तर घसा असा खाजायचा की चार दिवस बोलणं बंद. पोटाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी लोकांचा त्याच्यावर जीव होता, कारण त्या डोंगराखेरीज ते दुसरीकडे कुठंच दिसायचं नाही.

वरच्या गावच्या मुली खालच्या गावात द्यायची पद्धत होती. लेक निघाली की बाप धबधब्याखाली उतरायचा, एक झरअळू अलगद सोडवायचा आणि नारळाएवढ्या दगडावर केळीच्या खोडाच्या सालीच्या, म्हणजे सोपाच्या, दोऱ्यानं बांधायचा. मुलगी तो दगड ओल्या शेवाळात गुंडाळून, मांडीवर घेऊन सासरी यायची आणि खालच्या ओढ्यात ठेवायची. लग्नानंतरच्या दुसऱ्या पुनवेला गावच्या बाया ओढ्यावर जमायच्या. त्यांच्यातल्या सगळ्यांत वडील बाईला जाणती म्हणत. ती दगड पाण्याबाहेर काढून सगळ्यांना दाखवायची. पानं हिरवी असली की म्हणायची, "दगड नांदला, सून नांदली." मग गूळ वाटला जायचा. पानं नसली तर सुनेनं दगड उचलायचा आणि माहेरची वाट धरायची.

ही रीत कुणी पाडली ते मला ठाऊक नाही. ज्यानं पाडली त्याला स्वतःला कधी घर सोडून दुसऱ्याच्या घरी राहायला जावं लागलं नसणार, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगते.

गंमत अशी, की आजवर एकही सून परत गेली नव्हती. दर वेळी पुनवेला दगडावर हिरवीगार पानं असायची. गूळ वाटून झाला की दगड घरी न्यायचा, परसात तुळशीच्या पायाशी ठेवायचा आणि रीत पुरी झाली म्हणायचं. घराघरांत तुळशीपाशी असा एकेक दगड होता, कोरडा आणि उघडा. खालच्या ओढ्यात झरअळूचं एक पानसुद्धा नव्हतं. याचं कुणाला नवल वाटत नव्हतं, कारण डोळ्यांसमोरच्या गोष्टीचं नवल वाटायला आधी तिच्याकडे बघावं लागतं.

तर या खालच्या गावात एका घरी मायलेक राहत होते. आई विधवा, तोंडानं फटकळ, पण दारात आलेल्या मांजरालाही उपाशी जाऊ न देणारी. मुलगा शांत, शेतात राबणारा. त्याचं लग्न वरच्या गावातल्या एका मुलीशी ठरलं.

त्या मुलीच्या बापाला झरअळू शोधायला तीन दिवस लागले. त्याच्या तरुणपणी धबधब्याखाली ते इतकं माजलेलं असायचं की कातळ दिसायचा नाही. आता कातळच कातळ. शेवटी पाण्याच्या पडद्यामागं, हात जेमतेम पोचेल अशा कपारीत एकच झाड सापडलं. ते दगडावर बांधताना तो लेकीला म्हणाला, "बाय, हे एवढंच उरलंय. मातीत पुरू नको, कांडी कुजते. वाहत्या पाण्यात ठेव. वरून सावली असू दे." मग दोऱ्याची गाठ आवळत म्हणाला, "आणि तूही जेवत जा."

मुलगी सासरी आली. दगड तिनं ओढ्याच्या काठच्या उंबराखाली, वाहत्या पाण्यात ठेवला. चार हातांवर बाया धुणं धुवायच्या. येता-जाता प्रत्येकीची नजर त्या दगडावर जायची.

पहिले काही दिवस तिला काहीच धड गोड लागेना. भात मऊ लागायचा, पाण्याला वाळूचा वास यायचा. ती ताटातलं अर्धं ठेवून उठायची आणि मागल्या दारी उभी राहून डोंगराकडे बघायची. सासू ते पाहायची, पण बोलायची नाही. बोलायला गेलं की तोंडून नको ते निघतं हे तिला स्वतःविषयी पक्कं ठाऊक होतं.

आठव्या दिवशी सकाळी मुलगी ओढ्यावर गेली, तर झरअळूची पानं काचेसारखी झाली होती. आरपार बोट दिसावं इतकी. संध्याकाळी त्यांना हात लावला तर ती उकडलेल्या भाजीसारखी लिबलिबीत होऊन बोटांवर आली. दहाव्या दिवशी दगडावर एकही पान उरलं नाही. दोऱ्यानं बांधलेली नुसती कांडी राहिली.

मुलगी घरी आली आणि उंबऱ्यातच बसली. "आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "माझं झाड गेलं."

सासू हातातलं काम टाकून उठली. दहा दिवसांत ही मुलगी तिला पुरती आवडून गेली होती. भाकरी थापताना ती हळू आवाजात काहीतरी गुणगुणायची, आणि नवरा गेल्यापासून त्या चुलीपाशी कुणी गुणगुणलं नव्हतं. पण सासू एवढंच म्हणाली, "रडत काय बसलीस? चल, जागा बदलून पाहू."

मग सुरू झाली दगडाची वरात. आज सावलीत, उद्या उन्हात. परवा धारेखाली, तेरवा काठाच्या संथ पाण्यात. सासूच्या मनात आलं, झाडाला भूक लागली असेल, म्हणून तिनं त्याच्या बुडाशी शेणखताचा गोळा ठेवला. पाणी गढूळ झालं, वास सुटला, तेव्हा खत काढून दगड पुन्हा दुसरीकडे. सून दिवसातून चार वेळा दगड उचलून बघायची की मूळ धरलं का. मूळ धरू लागलं असतं तरी त्याला धरायला वेळ कुठं होता?

सासूनं शेवटी मुलाला बाजूला घेतलं. "वर जा," ती हळूच म्हणाली. "धबधब्याखालून दुसरं झाड घेऊन ये. कुणी विचारलं तर सांग, मध काढायला जातोय."

"म्हणजे फसवायचं?" मुलानं विचारलं.

"हो. तुझ्या आजीनंही माझ्यासाठी हेच केलं होतं. तुझा बाप तीन खेपा वर जाऊन आला होता. म्हणून मी इथं राहिले आणि म्हणून तू आहेस. आता जा, आणि हिला यातलं काही सांगू नको."

मुलगा गेला. तीन दिवसांनी परत आला तो पायांना ओरखडे आणि हात रिकामे. म्हणजे अगदीच रिकामे नव्हते. "एकही उरलेलं नाही, आई. तिच्या बापानं सगळा कातळ मला फिरवून दाखवला. शेवटचं होतं ते आपल्याकडे आलं." मग त्यानं कमरेची पुरचुंडी सोडली. "तिच्या आईनं ही तिरफळं दिलीत. म्हणाली, हिला त्याशिवाय कालवण गोड लागत नाही."

त्या दिवशी सासूनं कालवणात तिरफळं ठेचून घातली. तिला स्वतःला तो वास मुळीच सोसायचा नाही. सुनेनं मात्र दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. सासूनं नाक मुरडत तिसरी वाढली, आणि तिला इतकं बरं वाटलं की ती स्वतः जेवायची विसरली.

दुसऱ्या दिवशी सून पुन्हा ओढ्यावर गेली आणि तिनं दगड उचलला. दगडाखाली एक खेकडा होता. तो बोलला. यात नवल करण्यासारखं काही नाही. ज्याचं घर दिवसातून चारदा उचललं जातं तो कधी ना कधी बोलणारच.

"बाई," खेकडा म्हणाला, "हे माझं छप्पर आहे."

"हा माझा दगड आहे," सून म्हणाली. "आणि यावरचं झाड मेलंय."

"कुणी सांगितलं?"

"पानं गेली ना सगळी."

"माझं कवचही वर्षातून एकदा जातं. तेव्हा मी लोण्यासारखा मऊ होतो आणि बिळात पडून राहतो. त्या वेळी मला कुणी बाहेर काढून बघत बसलं तर मी खरंच मरेन. कांडी दाबून बघितलीस का?"

तिनं कांडी दाबली. टणक होती. नाकाशी नेली. कुजका वास नव्हता, ओल्या दगडाचा होता.

"ही पानं वरच्या पाण्यात झालेली," खेकडा म्हणाला. "थंड पाण्याची पानं कोमट पाण्यात टिकत नाहीत. झाड ती टाकून देतं आणि इथल्या पाण्यात टिकतील अशी नवी करतं. त्याला वेळ लागतो. तुम्ही त्याला रोज नव्या जागी नेताय, म्हणजे रोज पहिल्यापासून सुरुवात. आता दगड ठेव आणि जा. मलाही जरा पडू दे."

सुनेनं दगड उंबराखाली, पहिल्या दिवशी ठेवला होता तिथंच ठेवला. घरी येऊन तिनं सासूला सगळं सांगितलं. खेकड्याचं नाव मात्र घेतलं नाही, कारण सासरी येऊन महिनाही न झालेल्या मुलीनं काही गोष्टी जपून बोलाव्यात.

"हलवायचं नाही म्हणतेस?" सासूनं विचारलं.

"हलवायचं नाही. उचलायचंही नाही."

"आणि पुनवेपर्यंत पान आलं नाही तर?"

सुनेनं परात ओढली आणि ती भाकरीचं पीठ मळायला बसली.

त्यानंतर दोघी रोज दुपारी ओढ्यावर जायच्या आणि दगडापासून हातभर लांब बसायच्या. वरून वाहत आलेला पाचोळा तेवढा बाजूला करायच्या. बाकी काही करायचं नाही, हे सासूला फार जड गेलं. जन्मभर तिनं कामानंच माया केली होती. नुसतं बसून माया कशी करतात ते तिला येत नव्हतं. तिचे हात सारखे दगडाकडे जायचे आणि सून ते हात आपल्या हातात धरून ठेवायची. असे हात धरून बसता बसता दोघी बोलू लागल्या. सासूनं आपल्या माहेरचं सांगितलं, तेही वरच्याच गावातलं. सुनेनं विचारलं, "तुम्हाला जेवण कधीपासून गोड लागायला लागलं?" सासू म्हणाली, "आठवत नाही गं. एक दिवस लक्षात आलं, की पाण्याला वाळूचा वास येत नाहीये."

दिवस गेले. दोरा पाण्यात कुजला आणि एक दिवस वाहून गेला. पान काही आलं नाही.

पुनवेच्या आदल्या दुपारी सून ओढ्यावरून आली आणि तिनं आपलं गाठोडं बांधायला घेतलं. दोन लुगडी, फणी, उरलेली तिरफळं. सासू दारात उभी राहून बघत होती.

"आत्याबाई, एक मागू?"

"माग."

"उद्या मला पाठवलंत तर मी जाईन. रीत आहे. पण दगड माझ्याबरोबर देऊ नका. कांडी अजून टणक आहे. परत वर नेलं तर पुन्हा पाणी बदलेल, आणि त्या बिचाऱ्याला सगळं पहिल्यापासून करावं लागेल. त्याला इथंच राहू द्या. तुम्ही रोज पाचोळा काढत जा."

 सासू आत गेली आणि चुलीपुढं बसून रडली. रडताना तिला कळलं की ती घाबरलेली आहे. सून जाईल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. सुनेला वाचवण्यासारखं एकच वाक्य तिच्यापाशी होतं, आणि ते तिनं तीस वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. ते सांगितलं तर गाव तिच्या तोंडावर थुंकेल असं तिला वाटत होतं.

पुनवेची सकाळ झाली. ओढ्यावर बाया जमल्या. जाणती काठी टेकत आली, पाण्यात उतरली आणि तिनं दगड वर उचलला.

दगडावर पान नव्हतं.

कुजबूज सुरू झाली. असं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. एकजण म्हणाली, "आईबापांनी काही शिकवलं नसेल." दुसरी म्हणाली, "आमच्या वेळी बाई अशी पानं होती, ही एवढी." सून खाली मान घालून उभी होती. तिनं वाकून गाठोडं उचललं.

"थांब," सासू म्हणाली.

ती पुढं आली. तिनं उंबराला हात टेकला.

"तीस वर्षांपूर्वी मी याच ओढ्यात दगड ठेवला होता. आठ दिवसांत त्याची पानं अशीच विरघळली. माझ्या सासूनं नवऱ्याला वर पिटाळलं आणि दुसरं झाड आणलं. तेही गेलं. तिसरं आणलं, तेही गेलं. पुनवेच्या आदल्या दिवशी चौथं आणून बांधलं. तुम्ही त्याची हिरवी पानं पाहिलीत, गूळ खाल्लात आणि मी नांदले. माझा दगड खोटा होता. म्हणून हिला पाठवायचं असेल तर आधी मला पाठवा. माझं माहेर आता उरलं नाही, पण वाट मला ठाऊक आहे."

 धुण्याच्या दगडावर पाणी आपटत होतं. सासू मान ताठ ठेवून उभी होती, आणि आता काय होईल याची वाट पाहत होती.

मग शेजारीण पुढं आली. चांगली जाडजूड, सगळ्या गावाला उपदेश करणारी बाई. ती म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडं चारच लागली?"

सासूनं तिच्याकडे पाहिलं.

"आमच्याकडं सहा लागली होती," शेजारीण म्हणाली आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

मग तिसरी बोलली. मग चौथी. एकीच्या सासऱ्यानं आणलं होतं, एकीच्या दिरानं, एकीच्या भावानं. सगळेच मध काढायला म्हणून गेले होते. तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं, की गावातले एवढे पुरुष मधाला गेले आणि गावात कुणाच्या घरी कधी मधाचा थेंब दिसला नाही. कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या, डोळे पुसत हसल्या. प्रत्येकीला इतकी वर्षं वाटत आलं होतं, की पानं फक्त आपल्याच दगडाची गळाली. म्हणून तर प्रत्येकीनं पुनव होताच दगड ओढ्यातून उचलून परसात नेला होता.

हसू ओसरल्यावर सुनेनं हळूच विचारलं, "जुनी झाडं काढलीत, ती कुठं टाकलीत?"

"काठावर. उन्हात," शेजारीण म्हणाली.

"कांडी कशी होती त्यांची? मऊ होती की टणक?"

शेजारणीनं आठवून पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. उत्तर प्रत्येकीला आठवलं: टणक. सगळ्या डोंगराकडे बघू लागल्या. तिथला कातळ उघडा का पडला ते आता वेगळं सांगायची गरज नव्हती.

जाणती अजून पाण्यातच उभी होती, दगड हातात घेऊन.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "सोपाचा दोरा इतके दिवस पाण्यात टिकत नाही. तुमच्या प्रत्येकीच्या दगडावर दोरा कोरा करकरीत असायचा. मी बघायचे आणि गप्प बसायचे. वाटायचं, कशाला कुणाच्या लेकीचं वाईट करा. माझ्या स्वतःच्या दगडावरचाही कोराच होता. मला वाटलं मी माया करतेय. पण मी पहिल्याच वेळी तोंड उघडलं असतं तर वरचा कातळ आज हिरवा असता."

मग तिनं दगड डोळ्यांजवळ धरला. "याच्यावर दोरा दिसत नाही."

"गळून गेला, आजी," सून म्हणाली.

"मग हे झाड कशानं राहिलंय?"

जाणतीनं कांडीला दोन बोटांनी धरून हलकंच ओढलं. कांडी हलली नाही. पांढरी बारीक मुळं दगडाच्या भेगांत घट्ट शिरली होती. म्हातारी कितीतरी वेळ त्यांवरून बोट फिरवत राहिली.

"पानांचे दगड मी पुष्कळ पाहिले," ती म्हणाली. "मूळ धरलेला हा पहिलाच."

तिनं वाकून दगड होता तिथं परत ठेवला. सुनेच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि ते सासूच्या हातात दिलं. गूळ वाटला गेला. त्या दिवशीचा गूळ खाताना कुणाच्याही घशाशी काही अडकलं नाही.

पान यायला आणखी बावीस दिवस लागले. ते सासूला दिसलं. कांडीच्या टोकाला, सुईसारखं गुंडाळलेलं, तांबूस. तिनं सुनेला बोलावलं. दोघी काठावर पालथ्या पडून बघत राहिल्या. पुढच्या चार दिवसांत पान उलगडलं.

सून जरा हिरमुसली. "हे वरच्यासारखं नाही," ती म्हणाली. "वरचं रुंद असतं, काळपट असतं. हे अरुंद आहे."

"नसेना का तसं," सासू म्हणाली. "हे आपल्या पाण्याचं आहे."

पुढं त्या एका कांडीला बाजूनं पिलं फुटली. सुनेनं ती मोठी होऊ दिली, मग एकेक वेगळी करून दुसऱ्या दगडांवर लावली. गावातल्या बायांनी आपापल्या तुळशीपाशी पडलेले उघडे दगड पुन्हा ओढ्यात आणले आणि त्यांच्यावरही एकेक पिलू बांधलं. काही वर्षांनी उंबराखालचा ओढा झरअळूनं भरून गेला. तेव्हा खालच्या गावानं चाळीस दगड डोंगरावर नेऊन धबधब्याखाली ठेवले. वरच्या थंड पाण्यात त्यांची पानं आठ दिवसांत विरघळली. वरचे लोक घाबरले आणि त्यांनी खाली माणूस पाठवला. सुनेनं त्याला जेवायला वाढलं आणि निरोप दिला, "कांडी टणक आहे तोवर काही करू नका. पाचोळा तेवढा काढा."

रीत अजून आहे, पण जराशी बदलली. नवी सून अजूनही दगड घेऊन येते. तो सांभाळायचं काम आता सासूचं असतं, आणि दुसऱ्या पुनवेला कुणीही दगड पाण्याबाहेर काढत नाही. बाया ओढ्यावर जमतात, नव्या सुनेला मध्ये बसवतात आणि विचारतात, "बाई गं, तुला कालवणात काय घातलं की जेवण जातं?" ती सांगते ते त्या दिवशी घराघरांत शिजतं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: नव्या पाण्यात आलेल्या जिवाची जुनी पानं गळणारच, त्याला उपटून पाहू नये, मूळ धरेपर्यंत त्याच्याजवळ बसावं.